बालकथा लिहिणाऱ्यांनी सही करण्याआधी कुणाला विचारायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचले, की मराठीत मुलांसाठी नवे लिहिणारे कमी झाले आहेत. मला हे पटले नाही. मी ठाण्यातल्याच अशा पाच जणांना ओळखते, ज्यांच्या कपाटात बालकथांचे बाड पडून आहे. त्यात एक अंगणवाडी सेविका आहेत, एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. सहावी मी. लिहिणारे आहेत, छापणारेही आहेत. या दोघांच्या मधला, लिहिलेले प्रकाशकापर्यंत नेणारा माणूस मात्र नाहीसा झाला आहे, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर भलतेच लोक येऊन बसले आहेत. मला जे सोसावे लागले ते दुसऱ्याला लागू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझे पुराण कापा, पण कायद्याचा भाग तेवढा राहू द्या.

मी एकतीस वर्षे परिचारिका होते. त्यातली चौदा वर्षे मुलांच्या वॉर्डात गेली, आणि त्यातही नाइट ड्युटी जास्त. पावसाळा लागला की धाप लागलेली, छाती भरलेली मुले यायची. कळव्याची, विटाव्याची, मुंब्र्याची, दिव्याची. नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारे मशीन, लावला की दहा मिनिटे तरी मास्क तोंडावर राहायला हवा. तीन-चार वर्षांचे मूल तो राहू देत नाही. ते मान फिरवते, रडते, हाताने ओढून काढते, आणि रडले की धाप आणखी वाढते. आई दोन रात्रींची जागी असते, तिच्याही हातात बळ उरलेले नसते. अशा वेळी मी खाटेवर टेकून गोष्ट सुरू करायची. कपातले औषध संपत आले की मशीनचा आवाज बदलतो, फुरफुर येऊ लागते. तोवर गोष्ट मुक्कामाला पोचायलाच हवी. लिहायची शिस्त मला कुठल्या कार्यशाळेत लागली नाही, ती त्या फुरफुरीने लावली.

मुंब्र्याचा एक सहा वर्षांचा मुलगा होता. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या आणि गाडी आत शिरली की पोरे ओरडायची, शिट्ट्या मारायची. त्याला मी बोगद्यात हरवलेल्या शिट्टीची गोष्ट सांगितली. गाडी निघून जाते, शिट्टी आतच राहते. ती येणाऱ्या प्रत्येक गाडीला विचारते, "माझा मुलगा आहे का गं तुझ्यात?" त्याने मास्क स्वतःच्या हाताने धरून ठेवला होता. गोष्ट संपली तसा तो त्याने खाली केला आणि ओठांचा चंबू करून फुंकले. नुसती हवा आली. "सिस्टर, ती अजून आतच आहे," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला तेव्हा जिन्यावरून शिट्टी वाजली, ती सगळ्या वॉर्डाने ऐकली.

अशा गोष्टी मी ड्युटीच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवत असे. २०१८ मध्ये निवृत्त झाले तेव्हा बत्तीस जमल्या होत्या. नौपाड्यात एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या आणि प्रकाशकांना पाठवू लागले. एकूण नऊ ठिकाणी पाठवल्या. दोन ठिकाणांहून 'साभार परत' आल्या. सहा ठिकाणांहून काहीच उत्तर नाही, आणि सगळ्यात वाईट तेच वाटते. नकार आला तर माणूस दुसरे दार ठोठावतो. उत्तरच आले नाही तर वर्ष वर्ष वाट पाहत बसतो. एका प्रकाशकांचा मात्र स्वतः फोन आला. गोष्टी आवडल्या, म्हणाले, पण मुलांच्या पुस्तकाला रंगीत चित्रे लागतात, कागद चांगला लागतो, हजार प्रतींची आवृत्ती खपायला दोन-तीन वर्षे लागतात. चित्रे तुम्ही करून आणा आणि छपाईचा अर्धा खर्च उचला, तर काढू. ते खोटे बोलत नव्हते. पण पेन्शनमधून एवढे पैसे मी कुठून काढणार?

तेव्हा पुण्याच्या भाचीने सुचवले, "मावशी, परदेशात लेखक प्रकाशकाकडे स्वतः जात नाहीत, एजंट जातो. तू एजंट शोध." आपल्याकडे एजंट म्हटले की विम्याचा नाहीतर आरटीओच्या बाहेरचा. पुस्तकाचा एजंट म्हणजे काय, हे मी त्यानंतर महिनाभर बसून वाचून काढले. ते इथे सांगते, कारण मराठीत हे सोपे करून लिहिलेले मला कुठे मिळाले नाही.

लिटररी एजंट लेखकाच्या बाजूचा असतो. तो लेखन वाचतो, दुरुस्त्या सुचवतो, कुठल्या प्रकाशकाला काय चालते हे त्याला माहीत असते. तो लेखन तिथे नेतो, करार करताना लेखकाच्या वतीने भांडतो, आणि लेखकाला पैसे मिळाले की त्यातला आपला वाटा घेतो. इंग्लंड-अमेरिकेत हा वाटा साधारण पंधरा टक्के असतो, परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर वीस टक्के. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. चांगला एजंट लेखकाकडून आधी एक पैसाही घेत नाही. वाचण्याची फी नाही, नोंदणी फी नाही. लेखकाला मिळाले तर त्याला मिळणार. एजंटला पाठवायचे पत्र एक पानाचे असावे लागते: गोष्ट कुठल्या वयाच्या मुलांसाठी आहे, किती शब्दांची आहे, तिच्यात काय घडते, आणि लिहिणारा कोण. मोठी बालकादंबरी असेल तर सारांश आणि पहिली दोन-तीन प्रकरणे पाठवायची. चित्रकथा असेल तर सगळी संहिता, कारण तीच मुळी पाचशे शब्दांच्या आसपास असते आणि बत्तीस पानांत बसते. चित्रे सोबत जोडायची गरज नाही, चित्रकार प्रकाशक निवडतो. हे वाचले तेव्हा मला किती हलके वाटले म्हणून सांगू! मी उगाचच चित्रकाराच्या शोधात दोन वर्षे घालवली होती.

आपल्या देशातही एजंट आहेत. दिल्लीत आहेत, जयपुरात आहेत, आणि त्यांनी अनुवादाची पुस्तकेही पुढे नेली आहेत. पण त्यांचे काम चालते मुख्यतः इंग्रजीत. भाचीने दोन गोष्टी इंग्रजीत करून दिल्या, मी सहा जणांना पत्रे पाठवली. एकीचे उत्तर आले, आणि ते फार सौजन्याचे होते. तिने लिहिले, की लहान मुलांच्या सुट्या गोष्टींचा संग्रह विकणे कठीण जाते, कादंबरी असती तर वाचली असती. ठीक आहे. तिने वाचून उत्तर दिले, मला तेवढे पुरेसे होते.

मराठी बालसाहित्यासाठीच काम करणारा एजंट मला सापडला नाही, आणि तो का सापडत नाही हे मी कागदावर मांडून पाहिले. शंभर रुपयांचे पुस्तक, हजार प्रती, लेखकाला दहा टक्के रॉयल्टी धरा. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला दहा हजार मिळतील, तेही दोन-तीन वर्षांत. त्यातले पंधरा टक्के म्हणजे दीड हजार रुपये. एवढ्यासाठी कोण बत्तीस गोष्टी वाचेल, पत्रे लिहील, करार तपासेल? त्यावर कुणाचे घर चालणार नाही. म्हणजे हा माणूस बाजारातून आपोआप येणार नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मग पूर्वी कसे चालत होते? माझ्या समजुतीप्रमाणे हे काम मासिकांचे संपादक करत. आलेली गोष्ट ते वाचत, लाल शाईने खुणा करून परत पाठवत, दुसऱ्यांदा मागवत, आणि चार-पाच गोष्टी छापून झाल्या की एखाद्या प्रकाशकाजवळ शब्द टाकत. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे, याचे मला फार अप्रूप आहे. माझी बोगद्याची गोष्ट मी आधी अशा मासिकाकडेच पाठवायला हवी होती. पण अशी मासिके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि दिवाळी अंकांत मुलांचे विभाग आक्रसत चालले आहेत. संपादकाने हात धरायचा, ती पायरीच गेली.

आणि तिथेच मी फसले.

२०२२ च्या सुरुवातीला मोबाइलवर एक संदेश आला. "नवोदित बालसाहित्यिकांसाठी लिटररी एजंट. राष्ट्रीय पातळीवर प्रकाशन, अनुवाद, ऑडिओ." मी फोन केला. गोखले रोडवरच्या एका उपाहारगृहात आम्ही भेटलो. गृहस्थ पन्नाशीचे, बोलायला फार आदबशीर. त्यांनी माझ्या तीन गोष्टी माझ्यासमोर वाचल्या, बोगद्याच्या गोष्टीवर थांबले आणि म्हणाले, "ताई, हे पुस्तक इटलीच्या बोलोन्या मेळ्यात जायला हवे." बोलोन्याचा मेळा खरा आहे. १९६४ पासून तिथे दर वर्षी मुलांच्या पुस्तकांचे हक्क विकले-घेतले जातात. त्यांना नावे सगळी माहीत होती, त्यामुळे माझा विश्वास बसला. नोंदणीचे पाच हजार, अनुवादाचे आठ हजार, आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे, अडीच हजार. मी साडेपंधरा हजार रुपये दिले आणि चार पानी इंग्रजी करारावर सही केली. चार वर्षे थांबलेल्या माणसाला कुणी 'तुमची गोष्ट चांगली आहे' म्हटले, की पेन हातात घ्यायला वेळ लागत नाही.

सात महिन्यांनी एक पीडीएफ आली. मुखपृष्ठावर इंटरनेटवरून उचललेला आगगाडीतला सिंह, आत मशीनने केलेला अनुवाद. 'फुरफुर' या शब्दाचे भाषांतर 'फर-फर' असे, म्हणजे प्राण्याची लव दोनदा. कुठलाही प्रकाशक नाही. फोन आधी उचलला जायचा, मग तोही बंद झाला.

मला पैशांपेक्षा धास्ती होती ती सहीची. बत्तीसही गोष्टी मी देऊन बसले का? आमच्या सोसायटीत एक वकीलबाई राहतात, ठाण्याच्या कोर्टात वकिली करतात. त्यांच्याकडे करार घेऊन गेले. त्यांनी चारही पाने वाचली आणि विचारले, "ताई, यात मुदत कुठे लिहिली आहे?" कुठेच लिहिली नव्हती. त्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ काढला आणि कलम १९ वाचून दाखवले. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. कुठले लेखन, कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदला, हे त्यात असायला हवे. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर हक्क भारतापुरतेच दिले असे मानतात. आणि ज्याने हक्क घेतले त्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास ते हक्क लेखकाकडे परत येतात.

माझ्या करारात वेगळे काही म्हटलेले नव्हते. वर्ष उलटून गेले होते. वकीलबाईंनी रजिस्टर पत्र पाठवले आणि मला म्हणाल्या, "गोष्टी तुमच्याच आहेत." त्या दिवशी घरी येऊन मी ती जुनी वही काढली आणि नुसती उशाशी घेऊन झोपले.

त्यांच्याकडूनच आणखी दोन गोष्टी कळल्या. लिहून झाले त्या क्षणी कॉपीराइट लेखकाचाच होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो, म्हणजे 'सगळे हक्क कायमचे' अशा एका ओळीने आपण नातवंडांच्याही पुढचे देऊन टाकतो. आणि आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था फुकट देते. मी त्याचे अडीच हजार मोजले होते.

हे मी कुणाला विचारायला हवे होते? या प्रश्नासाठीच हे पत्र लिहायला बसले. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या ठाण्यात भरले तेव्हा मी ड्युटी उतरल्यावर दोन तास तिथे फिरले होते. पुस्तकांच्या गाळ्यांवर विचारले, की लिहिलेले दाखवायचे तर कुणाकडे जायचे? सगळे चांगले बोलले, उत्तर कुणाकडेच नव्हते. आजही नाही.

माझी मागणी लहान आहे. ज्या शहरात वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय उभे केले, त्या शहरात महिन्यातून एका शनिवारी एक टेबल मांडता येणार नाही का? ग्रंथालयाने, साहित्य संस्थेच्या शाखेने, कुणीही मांडावे. तिथे प्रकाशनाचा अनुभव असलेली एक व्यक्ती आणि एक वकील बसावेत. लेखकाने आलेला करार सही करण्याआधी तिथे दाखवावा. कुठला प्रकाशक कुठल्या वयाची पुस्तके काढतो, कुठल्या महिन्यांत संहिता स्वीकारतो, किती दिवसांत उत्तर देतो, याची एक वही तिथे असावी. प्रकाशकांनीही 'सध्या संहिता स्वीकारत नाही' एवढी ओळ आपल्या संकेतस्थळावर लिहिली तरी आमची वर्षे वाचतील. नवी मुंबईतही हे व्हावे. वाशी, नेरूळ, ऐरोलीतून मला ओळखीपाळखीने फोन येतात. परवा ऐरोलीच्या एका शिक्षिकेने खाडीतल्या फ्लेमिंगोंवरच्या आठ गोष्टी वाचून दाखवल्या. सुंदर आहेत. तिलाही तसाच संदेश आला होता, आणि ती पैसे भरायच्या बेतात होती.

कुणी सुचवेल, की हल्ली गोष्ट इंटरनेटवर सरळ टाकता येते. येते. प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर २०१५ पासून आहे, तिथे मराठी गोष्टीही भरपूर आहेत आणि कुणालाही फुकट वाचता येतात. मी तिथे एक गोष्ट टाकली आणि त्याचा मला आनंद आहे, कारण दिव्याच्या एका शाळेत ती वाचून दाखवली गेल्याचे कळले. पण तिथला परवाना खुला असतो. ती गोष्ट कुणीही घ्यावी, बदलावी, विकावीसुद्धा, लेखकाचे नाव दिले म्हणजे झाले. एकदा दिले की मागे घेता येत नाही. हे समजून-उमजून एक गोष्ट द्यावी. बत्तीस देऊ नयेत, असे माझे मत आहे.

टेबल मांडले गेले, तर पहिल्या शनिवारपासून मी येऊन बसेन. मला कायदा येत नाही, प्रकाशन येत नाही, पण आलेल्या माणसाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेता येते. वकीलबाईंनीही महिन्यातला एक शनिवार कबूल केला आहे. त्यांनी एक कोरा करारनामा मराठीत तयार करून दिला आहे. त्यात मुदत, प्रदेश, प्रतींची संख्या, रॉयल्टी, हिशेब कुठल्या महिन्यात द्यायचा ते, आणि अनुवाद, ऑडिओ व नाट्यरूपांतर यांचे हक्क, अशा सगळ्यांसाठी वेगवेगळ्या मोकळ्या जागा सोडल्या आहेत. त्याची एक प्रत या पत्रासोबत जोडली आहे. आपल्या कार्यालयात जो कुणी मागायला येईल त्याला तिची झेरॉक्स द्यावी, ही विनंती. ऐरोलीच्या बाईंना मी कालच दिली.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
कोपरी, ठाणे (पूर्व)
(नाव व पत्ता संपादकांकडे)